तुळशीतली भांग

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, राहून जात होतं. परवा फोनवर ताईशी बोलताना आईच्या तुळशीचा विषय निघाला आणि ती म्हणाली, "ते भांगेचं एकदा लिहून टाक, पोरांना काही माहीत नाही." तर आजचं लिखाण ताईच्या खात्यावर. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

२००५ ते २००९ आम्ही डेहराडूनला होतो. तिथे भांग रस्त्याच्या कडेला उगवते, अगदी आपल्याकडे काँग्रेस गवत उगवतं तशी. बसस्टॉपमागे, नाल्याच्या काठाला, शाळेच्या कुंपणाला, कुठेही. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी रिक्षा थांबवायला लावली होती. रिक्षावाल्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून आठवते. महिन्याभरात सवय झाली आणि मग ती दिसेनाशीच झाली.

२००७ च्या दसऱ्याला आई आली. येताना पुडीत तुळशीच्या मंजिऱ्या घेऊन आली, कारण तिच्या मते आमच्या घरात तुळस नसणं हेच आमच्या सगळ्या सर्दीखोकल्यांचं मूळ होतं. कुंडी आणली, माती मात्र विकत कुठे आणायची म्हणून कुंपणापलीकडची चार घमेली उचलली. थंडी पडायला लागली तशी कुंडी काचा लावलेल्या व्हरांड्यात आली. तुळशीचं लग्न लागलं तेव्हा नवरी दोन इंचांची होती. आणि त्यानंतर आठवड्याभराने आईने मला हाक मारली.

"अगं ए, इकडे ये. तुळशीत भांग उगवलीय."

मला वाटलं कुणाच्या तरी मुलाबद्दल बोलतेय! ही म्हण मी शेकड्याने ऐकलेली, पण ती अशी कुंडीत उभी राहिलेली कधी पाहिली नव्हती. खरंच, तुळशीच्या रोपाला खेटून भांगेचं रोप होतं. अहो म्हणाले, उपटून टाका, उगाच नसती भानगड, १९८५ च्या कायद्यात हे झाड लावणं गुन्हा आहे. आई म्हणाली, लावलंय कुणी, आपलं आपण आलंय. मी बीएस्सी बॉटनी (आणि तेही फर्स्ट क्लास, हे त्या काळात मी दर पंधरा मिनिटांनी सांगत असे), त्यामुळे मला ते वाढू द्यायचं होतं.

पण ते वाढेचना. बाहेर हीच भांग पावसाळ्यात माझ्या डोक्यावरून जायची. हे रोप संक्रांतीपर्यंत जेमतेम चार बोटं उंच झालं आणि त्याला चक्क फुलं आली! पानंही वेगळीच. भांगेचं पान म्हणजे सात बोटांचा पंजा अशी आपली कल्पना. याला पहिली जोडी एकेका पात्याची, मग तीन पात्यांची, आणि नंतर पाच-सातकडे जायच्या ऐवजी पुन्हा तीन, पुन्हा एक. आधी समोरासमोर येणारी पानं वरती एकाआड एक यायला लागली. शेवटी उपटलं तेव्हा मूळ म्हणजे एक वाकडा दोरा आणि त्याला चार केस. मला वाटलं रोगट आहे.

खरा प्रसंग उपटतानाचा. आई म्हणाली, "मादी असेल तर उपट बाई. आबा म्हणायचे, मादी राहिली की रान बिघडतं."

मी हसले. "अगं आई, उलटं. नर उपटतात. मादी ठेवतात."

"नाही गं. मादी उपटायची. आबांनी दहादा सांगितलंय."

मग मी तिला परागकण, बीजांड वगैरे सगळं समजावून सांगितलं, म्हणजे फर्स्ट क्लासचा सगळा माल काढला. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "असेल बाई. तू शिकलेली." आणि स्वयंपाकघरात गेली. तेव्हा मला काही वाटलं नाही. नंतर मात्र हे वाक्य बऱ्याचदा आठवलं.

आता आबा कोण, ते नवीन मंडळींसाठी. आईचं माहेर खांडव्याचं. आबा म्हणजे तिचे आजोबा. खांडवा आज मध्य प्रदेशात, तेव्हा मध्य प्रांतातल्या निमाड जिल्ह्यात. आणि इंग्रजांच्या काळात मध्य प्रांतात गांजाचं पीक परवान्याने घ्यायला मुभा होती ती या निमाडातच. पीक काढून सरकारी गोदामात जमा करायचं, तिथून कर भरून ते बाहेर जायचं. आबांची स्वतःची जमीन कापसाची, पण तरुणपणी त्यांनी शेजारची गांजाची रानं पाहिलेली, आणि रानातून वाकून वाकून फिरणारी माणसं पाहिलेली. आईच्या गोष्टींत ही माणसं नेहमी यायची. आम्ही लहानपणी त्यांना गोष्टीतली माणसंच समजायचो.

ती खरी होती हे मला कळायला २०२० चा लॉकडाऊन यावा लागला. स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीने 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन'चा अख्खा अहवाल स्कॅन करून नेटवर ठेवलाय. सात खंड आणि वर एक पुरवणी. घरात कोंडलेली असताना मी एकेक पान वाचत बसले. घरचे म्हणायचे, लोक केळ्याचा केक करतायत आणि ही गांजा वाचतेय.

या कमिशनची गोष्ट थोडक्यात. १८९३ च्या मार्चमध्ये डब्ल्यू. एस. केन नावाच्या दारूबंदीवादी खासदाराने ब्रिटिश पार्लमेंटात बंगालमधल्या गांजाच्या लागवडीबद्दल प्रश्न विचारला. त्यातून त्याच वर्षी कमिशन नेमलं गेलं. अध्यक्ष मॅकवर्थ यंग, एकूण सात सभासद, त्यात तीन हिंदी. त्यांनी देशभर फिरून ११९३ साक्षी घेतल्या. वेड्यांच्या इस्पितळांची दप्तरं उलगडली, तर 'गांजाने वेडा' अशी नोंद बऱ्याचदा पोलिसांनी भरून पाठवलेल्या कागदावरून उतरवलेली निघाली, डॉक्टरने काही तपासलेलंच नव्हतं! १८९४ मध्ये अहवाल आला : बेताने घेणाऱ्याला फारसा अपाय दिसत नाही, बंदी नको, कर आणि नियंत्रण ठेवा. हिंदी सभासदांपैकी दोघांनी वेगळं मत नोंदवलं. ज्या सरकारला या पिकाचा महसूल मिळत होता त्याच सरकारच्या कमिशनने बंदी नको म्हणावं यात काय ते तुम्ही समजून घ्या. पण साक्षी मात्र खऱ्याखुऱ्या आहेत, माणसं बोललेली आहेत, आणि झाडाबद्दल जे लिहिलंय ते रानात उभं राहून लिहिलंय.

सगळ्यात बारकाईने वर्णन आहे बंगालमधल्या नौगावचं. राजशाही जिल्ह्यातला तो भाग, आता बांगलादेशात. त्याला नावच होतं 'गांजा महाल'. कमिशनच्याही आधी १८७७ मध्ये हेमचंद्र कर नावाच्या एका डेप्युटी कलेक्टरने या पिकावर अहवाल लिहिला होता, आणि १८९३ मध्ये डेव्हिड प्रेन यांनी. प्रेन कलकत्त्याच्या शिबपूरच्या बोटॅनिकल गार्डनमधले, पुढे १९०५ मध्ये लंडनच्या क्यू गार्डन्सचे संचालक झाले.

नौगावची पद्धत अशी. ऑगस्टमध्ये रोपवाटिकेत बी टाकायचं. सप्टेंबरात रोपं उपटून सरीवरंब्यावर लावायची. उपटताना सोटमूळ दुखावतं, मग बाजूची मुळं फुटून पसरतात. आपण वांगी-टोमॅटोची रोपं लावतो त्यातही हेच होतं. शेणखत, पेंड. मग खालच्या फांद्या छाटायच्या, म्हणजे झाडाचा सगळा जोर वरच्या शेंड्यांत जातो. आणि नोव्हेंबरात 'पोद्दार' बोलवायचा.

हा पोद्दार म्हणजेच आबांचा वाकून चालणारा माणूस. इंग्रज त्याला 'गांजा डॉक्टर' म्हणायचे. त्याचं काम एकच. रानातून ओळीओळीने फिरायचं आणि फुलं उमलायच्या आत नर झाड ओळखून काढून टाकायचं. भांगेत नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. पपईसारखं. नराचे पराग वाऱ्यावर जातात. ते मादीला मिळाले की ती बी धरते आणि तिचं फुलणं थांबतं. नाही मिळाले तर ती वाट पाहत फुलतच राहते, नवे नवे तुरे काढते, त्यांना चिकट राळ सुटते, तोच गांजा. म्हणून एक नर राहिला की शेजारच्याचंही रान गेलं. पोद्दार एकदा फिरून गेला तरी पुन्हा बघावंच लागायचं, कारण काही झाडं फसवायची : अंगाने मादी, पण मध्येच एखाद्या खोडाला नराची फुलं.

इथे मला थबकायला झालं. प्रेनसाहेबांनाही झालं असावं, कारण पुढे १९०४ मध्ये त्यांनी कलकत्त्याहून याच विषयावर एक प्रबंध छापला : भांगेच्या फुलांची रचना, त्यांतल्या विकृती आणि त्यांचं नर-मादीपण. एका अबकारी खात्याच्या पिकाने एका वनस्पतीशास्त्रज्ञाला दहा वर्षं धरून ठेवलं. ज्या पोद्दारांनी हे फसवं झाड पिढ्यानुपिढ्या ओळखलं त्यांतल्या कुणाचा प्रबंध अर्थातच नाही. उमलायच्या आधी कळी बघून ते नर कसा ओळखायचे, बोटाने चाचपून की फांदीच्या ठेवणीवरून, हे त्यांच्याच तोंडून लिहून घ्यायला हवं होतं. असो.

झाडांत नर-मादी असतं हेच मुळी युरोपला प्रयोगाने कळलं १६९४ मध्ये. जर्मनीत ट्युबिंगेनला रुडॉल्फ कामेरारिउस नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी एरंड, मका, तुती, पारा अशा झाडांची नरफुलं काढून टाकून किंवा मादी झाडं एकटी ठेवून पाहिलं (पारा म्हणजे धातू नव्हे हं, मर्क्युरियालिस नावाची तिकडची एक वनस्पती). बी धरलं नाही. सिद्धांत तयार! पण भांगेने त्यांना दगा दिला. नर काढून टाकले तरी मादी झाडांनी थोडं बी धरलंच. हा माणूस मला फार आवडतो, कारण त्यांनी ते दडवलं नाही, आपल्या पत्रात तसं लिहून ठेवलं. पुढे अठराव्या शतकात लिनियसने खिडकीत कुंड्या ठेवून भांगेवर प्रयोग केले आणि पराग लागतोच असं सांगितलं. इटलीतल्या स्पालांझानीने म्हटलं, नाही, भांगेला नराशिवाय बी येतं. दोघंही मोठी माणसं, दोघांनीही डोळ्यांनी पाहिलेलं. तिढा बहुधा त्या एखाददुसऱ्या चुकार नरफुलाचा, नाहीतर वाऱ्याचा. नौगावचा पोद्दार तिथे असता तर त्याने एका सकाळी भांडण मिटवलं असतं.

आता आमचं चार बोटांचं रोप. ते रोगट नव्हतं.

१९१० च्या सुमाराला फ्रान्समध्ये झ्युलियॅं तुर्न्वा नावाचा एक तरुण हॉप आणि भांग या दोन चुलत-झाडांवर काम करत होता. त्याला दिसलं की हिवाळ्यात काचघरात बी टाकलं की रोपं वाढतच नाहीत, बोटभर असतानाच फुलतात, आणि फुलंही विचित्र येतात. १९११ मध्ये त्याने या विकृत फुलांवर टिपण छापलं. मग त्याने एकेक कारण तपासून बाजूला सारलं आणि उजेडावर आला. रोपांना दिवसातला थोडाच वेळ उजेड दिला तर ती लवकर फुलतात. १९१४ मध्ये त्याने आणखी एक पाऊल पुढे टाकलं : दिवस लहान होण्यापेक्षा रात्र मोठी होणं हेच कदाचित खरं कारण असेल. झाड रात्र मोजतं! पुढचे प्रयोग करायचे ठरले होते. पण महायुद्ध सुरू झालं, तुर्न्वा सैन्यात गेला आणि मारला गेला.

काम तिथेच थांबलं. मग १९२० मध्ये अमेरिकेत गार्नर आणि ॲलार्ड यांनी तंबाखूच्या एका न फुलणाऱ्या जातीवरून दिवसाच्या लांबीचा नियम स्वतंत्रपणे मांडला. संध्याकाळी रोपं अंधाऱ्या खोक्यात ढकलायची आणि सकाळी बाहेर काढायची असा त्यांचा खटाटोप. पाठ्यपुस्तकात त्यांचं नाव आलं. आम्हाला बीएस्सीला गार्नर-ॲलार्ड होते, पाच मार्कांना. तुर्न्वा नव्हता. आणि आमच्यापैकी कुणी विचारलंही नाही की पहिलं कुणाला दिसलं. रात्र मोजतं हे पक्कं व्हायला तर पुढे आणखी बरीच वर्षं गेली.

तर डेहराडूनच्या व्हरांड्यात नोव्हेंबरात उगवलेल्या त्या रोपाने पहिल्या दिवसापासून लांब रात्री पाहिल्या. त्याला वाटलं हंगाम संपत आला, आता वाढायला वेळ नाही, फुला. पंजा पसरायच्या आधीच पानं परत लहान व्हायला लागली, समोरासमोरची एकाआड एक झाली, कारण फुलोऱ्यावर आलेल्या भांगेचं तसंच होतं. फक्त हिच्या बाबतीत बालपण आणि म्हातारपण यांच्यामध्ये काही नव्हतंच. आपल्याकडे शेतकऱ्यांना ही गोष्ट वेगळ्या झाडावरून ठाऊक आहे. उशिरा पेरलेली तूर बुटकी राहते आणि तशीच फुलते. शेवंतीवाले तर उलट करतात : रात्री शेतात दिवे लावून झाडाला फसवतात आणि फूल लांबवतात. रात्रीच्या गाडीतून अशी उजळलेली पॉलीहाऊसं बघून मी लहान मुलासारखी खिडकीला नाक लावते.

पुढची गंमत ओहायोची. तिथल्या विद्यापीठात जॉन शाफनर यांनी १९२० नंतर वर्षानुवर्षं भांग वेगवेगळ्या महिन्यांत पेरून पाहिली. मे-जूनमध्ये बाहेर पेरली तर नर ते नर, मादी त्या मादी, सगळं सुरळीत. नोव्हेंबर-डिसेंबरात काचघरात पेरली की गोंधळ. माद्यांवर नरफुलं, नरांवर मादीफुलं, एकाच फांदीवर दोन्ही. शाफनर त्यावरून म्हणू लागले की नर-मादीपण गुणसूत्रांवर नाहीच, परिस्थितीवर आहे. त्यात ते चुकले. भांगेत नराची एक्स-वाय अशी जोडी असते, आपल्यासारखीच. पण जोडी काहीही असली तरी फूल कोणतं यावं याला थोडी ढिलाई असते, हे त्यांनी दाखवलेलं खरं आहे.

ही ढिलाई कुठून येते, याचा एक सुंदर प्रयोग आहे आणि तो मुळांचा आहे. मॉस्कोला मिखाइल चैलाख्यान नावाचे अर्मेनियन शास्त्रज्ञ होते. पानात तयार होऊन शेंड्याकडे जाणारा, फुलण्याचा निरोप देणारा काहीतरी पदार्थ असला पाहिजे असं त्यांनी १९३० च्या दशकात मांडलं आणि त्याला 'फ्लोरिजेन' नाव दिलं. लायसेंकोचा जोर होता त्या वर्षांत त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. पण ते चिवट. १९७० च्या दशकात, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी ख्रियानिन या सहकाऱ्याबरोबर भांग हातात घेतली.

कोवळ्या रोपांची मुळं कापली आणि नुसते शेंडे पोषक पाण्यात ठेवले. खोडाला नवी मुळं फुटू लागली की तीही खुडायची. अशा बिनमुळांच्या रोपांत बहुतेक नर निघाले. मुळं फुटू दिली तर बहुतेक माद्या. पानं काढून मुळं ठेवली तरी माद्याच जास्त. मग बिनमुळांच्या रोपांच्या पाण्यात सायटोकायनिन नावाचं संप्रेरक घातलं, जे झाडात मुख्यतः मुळांत तयार होतं, आणि मुळं नसतानाही माद्या आल्या. पानांत तयार होणाऱ्या जिबरेलिनने नर आले. म्हणजे मुळं खालून एक निरोप पाठवतात, पानं वरून दुसरा, आणि फूल मधल्यामध्ये ठरतं. हे १९७८ मध्ये छापून आलं.

आणि आपल्या माणसांचं सांगायला हवंच. दिल्ली विद्यापीठात प्रा. मोहन राम आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९७० पासून हेच काम केलं. इथिलीन सोडणारं रसायन देऊन नर झाडावर मादीफुलं आणली, जिबरेलिन देऊन मादीवर नरफुलं, आणि १९८२ मध्ये चांदीच्या क्षारांनी मादी झाडावर चांगली परागधारी नरफुलं आणली. चांदी इथिलीनचं काम अडवते म्हणून. आज परदेशात सरसकट माद्याच देणारं भांगेचं बियाणं विकतात, ते याच चांदीच्या युक्तीने तयार होतं. मादीच्याच परागाने मादी फळवायची, म्हणजे वाय येणार कुठून? नौगावच्या पोद्दाराची नोकरी अशी एका बाटलीने घालवली. दिल्लीचे ते निबंध आले त्या वर्षांत मी शाळेत होते, आणि पुढे कॉलेजात कुणी त्यांचं नाव घेतलं नाही.

आता आईच्या मादीकडे येते.

याच लॉकडाऊनच्या वाचनात मला इंग्लंडच्या जुन्या शेतीतले दोन शब्द भेटले. तिकडे भांग लावायचे धाग्यासाठी, दोरखंडं आणि कापडासाठी. त्यात 'कार्ल' भांग आणि 'फिंबल' भांग असे दोन प्रकार करायचे. कार्ल म्हणजे गडी, पुरुष. फिंबल हा शब्द लॅटिनमधल्या 'छोटी बाई' अशा अर्थाच्या शब्दावरून आलेला. जर्मनीतही तसंच. आणि गंमत अशी की गडी म्हणायचे ते झाड बी धरणारं, म्हणजे आपली मादी. आणि बाई म्हणायचे ते पराग देणारं, म्हणजे नर! कारण शेतकऱ्याला पराग दिसत नव्हता. त्याला दिसत होतं ते असं की एक झाड सडपातळ, नाजूक धाग्याचं, लवकर पिवळं पडून मरणारं. आणि दुसरं आडदांड, शेवटपर्यंत उभं राहणारं, डोक्यावर बियांचा भार पेलणारं. मग नाजूक ती बाई आणि दणकट तो गडी. इतका सरळ हिशोब. (बियांचा भार पेलून शेवटपर्यंत उभं राहणं हे पुरुषाचं लक्षण कसं काय, हे त्या शेतकऱ्यांच्या बायकांना विचारायला हवं होतं!)

मी पुस्तक मिटलं. म्हणजे लॅपटॉप मिटला.

आई २०१४ मध्ये गेली. मी इंदूरला मामाला फोन लावला. तो तेव्हा ब्याऐंशीचा, कान थोडे कमी, पण आठवण लखलखीत. म्हटलं, "मामा, आबा गांजाच्या रानात मादी कशाला म्हणायचे रे?"

"अगं, ती फुसकी असते ना उंच, फुलं झडून वाळून जाते, ती मादी. तीच उपटायची. बी धरतो तो नर. पक्का असतो, हलत नाही." मग थांबून म्हणाला, "का गं? तुझ्या आईने नाही सांगितलं?"

म्हटलं, सांगितलं होतं.

डेहराडूनचं ते रोप मी फेकलं नव्हतं. कॉलेजची सवय, वर्तमानपत्रात दाबून वहीत चिकटवलं, खाली लेबल लावलं : ठिकाण, तारीख, आणि पुढे ठासून 'मादी'. (पोलीस खात्यातले कुणी नातेवाईक वाचत असतील तर त्यांनी चार बोटांकडे काणाडोळा करावा.) मामाच्या फोननंतर ती वही काढली आणि भिंग घेऊन खिडकीत बसले. शेंड्याला मादीच्या फुलांचे दोन-दोन पांढरे केस दिसतात, आता तपकिरी पडलेले. पण त्यांच्या खाली, तिसऱ्या पानाच्या बगलेत, एक बारीक फूल आहे. पाच पाकळ्यांसारखं काहीतरी, आणि त्यातून लोंबणारे परागकोश. मोजले, चार आहेत. पाचवा बहुधा वर्तमानपत्राला चिकटून गेला.

लेबलवर 'मादी' अजून तसंच आहे. त्याच्यापुढे पेन्सिलीने 'आई म्हणते नर' एवढं लिहून ठेवलंय.